ताई, आमची बोली तुम्ही तशीच राखलीत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मालगुजारी तलावांवरचे, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेल्या जुन्या तलावांवरचे मी लिहिलेले आणि तुम्ही संपादित केलेले पुस्तक आता गावोगावी पोहोचले आहे. वाचून फोन करणारे तलावांबद्दल बोलतात, आजोबांच्या आठवणी काढतात, कोणी गावच्या तलावाची पाळ फुटली ते साल सांगतो. भाषेबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण वाचताना कोणी कुठे अडखळतच नाही. अडखळण्याच्या त्या जागा तुम्ही आधीच वेचून काढल्या होत्या. वाचकाला हे काम दिसायचे नाही, म्हणून हे पत्र खासगी न ठेवता सगळ्यांसमोर लिहितो आहे. पुस्तकात 'संहिता-संपादन' या शब्दापुढे तुमचे नाव छापले आहेच, पण त्या एका ओळीत तुम्ही केलेले काम मावत नाही.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे पदरमोड करून पुस्तक काढणारे पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, तलाठी, कीर्तनकार, गावाचा इतिहास गोळा करणारी तरुण मुले. हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे द्यायचे, एक प्रूफ घरीच वाचायचे आणि छापायला धाडायचे, अशी इथली रीत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, मुखपृष्ठ ओळखीतला चित्रकार करून देतो, छापखाने नागपूरला आहेत. प्रकाशकाची बहुतेक कामे लेखक अशी जमवून आणतो. एक काम मात्र त्याला एकट्याला करता येत नाही, ते म्हणजे स्वतःचे लिखाण परक्या नजरेने वाचणे. मराठीतल्या चांगल्या प्रकाशनसंस्थांनी ही जागा जपली. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन संहितेवर किती बारकाईने काम करत, हे मराठी वाचक जाणतो. आमच्यासारख्यांच्या पुस्तकात ती जागा रिकामीच राहते. ती भरायची तर कॉपी एडिटर नेमावा लागतो, त्याच्या कामाचे पैसे द्यावे लागतात. पुस्तकाच्या खर्चाचा कागद करताना मुखपृष्ठाच्याही आधी ही रक्कम लिहावी, असे मी आता भेटेल त्या लेखकाला सांगतो.

काम स्वीकारण्याआधी तुम्ही एका प्रकरणाची काही पाने नमुन्यादाखल तपासून पाठवलीत. सोबत लिहिले होते, 'एवढा हात फिरवलेला चालेल का, की कमी हवा?' हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. संपादक आपले लिखाण बदलून टाकेल, आपला आवाज जाईल, ही भीती हौशी लेखकाच्या मनात असतेच. ती पाने वाचली आणि भीती गेली. वाक्ये माझीच होती, फक्त त्यांच्या वाटेतले दगड बाजूला झाले होते. प्रत्येक बदल ट्रॅक चेंजेसमध्ये दिसत होता, हवा तो ठेवायची आणि नको तो काढायची मोकळीक मला होती.

संहितेचा अर्धा भाग जुन्या श्री-लिपी फॉन्टात टाइप केलेला होता आणि उरलेला युनिकोडमध्ये. फॉन्ट बदलताना 'शेतकऱ्यांनी' या शब्दातल्या अर्ध्या ऱ चा रफार होऊन 'शेतकर्यांनी' झाले होते, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या'. तलावांच्या पुस्तकात शेतकरी पानापानावर येतो. फाइंड-रिप्लेसने एका फटक्यात सगळे बदलावे तर 'सूर्य', 'कार्य', 'पर्याय' हे चांगले शब्द बिघडतात. तुम्ही एकेक जागा डोळ्यांनी पाहून दुरुस्त केलीत. संगणकाच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबरच असतात. कोणत्या वाक्यात दिवस आहे आणि कोणत्या वाक्यात गरीब माणूस, हे वाचणाऱ्यालाच कळते. 'पीक' दीर्घ पण 'पिकाला' ऱ्हस्व, आणि 'शरीर' मात्र 'शरीराला' करतानाही दीर्घच, हेही तसेच. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, पुढे १९७२ साली आणखी चार आले. नियम एवढेच. ते हजारो जागी न थकता लावणे हा रोजच्या सवयीचा भाग आहे, आणि ती सवय तुमच्याकडे आहे.

पण ताई, मी तुमचे खरे आभार मानतो ते या दुरुस्त्यांसाठी नव्हे. तुम्ही जे दुरुस्त केले नाही, त्यासाठी मानतो.

आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले, तरी शाळेपासून आम्हाला हेच ऐकवले गेले की हे अशुद्ध. पुस्तकातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती या बोलीत आहेत. एखाद्या घाईच्या मुद्रितशोधकाने त्या सगळ्या 'शुद्ध' करून टाकल्या असत्या. तुम्ही कामाच्या सुरुवातीलाच स्टाइलशीट, म्हणजे पुस्तकात काय कसे लिहायचे याचा कागद, केलीत आणि पहिल्याच ओळीत लिहिलेत : निवेदन प्रमाण मराठीत, बोलणाऱ्याचे शब्द त्याच्या तोंडचे जसेच्या तसे, त्याला कुठेही हात लावायचा नाही.

ही रेघ आखल्यावर एक अडचण वर आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तलावाच्या बांधाला प्रमाण मराठीत पाळ म्हणतात, आमच्या तोंडी ती पार होते. निवेदनात काही ठिकाणी पाळ होती, काही ठिकाणी पार. 'संध्याकाळी म्हातारे पारावर बसून पाण्याची पातळी बघत' या वाक्याशेजारी तुमची कॉमेंट होती : 'पुण्या-नाशिकचा वाचक इथे वडाचा पार समजेल आणि तिथून पाणी कसे दिसते म्हणून गोंधळेल.' आमच्याकडच्या कोणाला हे कधीच सुचले नसते, कारण आम्हाला दोन्ही पार ठाऊक आहेत. तुमच्या सुचवणीप्रमाणे निवेदनात सगळीकडे पाळ केली, मुलाखतींत पार ठेवली आणि पहिल्या मुलाखतीखाली एका ओळीची टीप दिली. बोडी म्हणजे लहान तलाव, तुडूम म्हणजे पाळीतून शेताकडे पाणी सोडण्याची जागा, असे शब्दही पहिल्यांदा येतील तिथेच उलगडले. शेवटच्या शब्दसूचीची कल्पना तुमचीच. आज शाळेतले शिक्षक ती सूची मुलांना वाचून दाखवतात.

तुडूमच्या प्रकरणातली तुमची एक शंका मी जपून ठेवली आहे. ढीवर या मासेमारी करणाऱ्या समाजातल्या एका आजोबांनी पाणी सोडण्याची पद्धत सांगितली होती, ती मी त्यांच्याच शब्दांवरून लिहिली होती. तुम्ही विचारलेत, 'पाणी सोडणारा माणूस पाळीवर उभा आहे की पाण्यात उतरला आहे? वरच्या वाक्यात पाळीवर वाटतो, खालच्या वाक्यात भिजलेला आहे.' मी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, उतरावंच लागे, गळ्याएवढ्या पाण्यात. पाय कुठे ठेवायचा, श्वास कधी धरायचा, वर पाळीवर उभा असलेला जोडीदार कशासाठी हाक देत राहतो, हे सगळे त्यांनी त्या फोनवर सांगितले. पुस्तकातला तो परिच्छेद आज वाचकांना सर्वांत आवडतो, आणि तो तुमच्या एका ओळीच्या शंकेतून आला आहे.

सालांचेही तसेच. जमीनदारी-मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा, त्याचा अंमल १९५१ पासून. ही दोन साले एकाच अर्थाने येऊ नयेत म्हणून तुम्ही प्रत्येक जागी खूण केलीत. 'महाराष्ट्र सरकारनं तलाव घेतले' असे एका मुलाखतीत होते. तुम्ही दाखवलेत की तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाला १९६० साली. बोलणाऱ्याचे वाक्य तुम्ही बदलू दिले नाहीत, खाली टीप द्यायला लावलीत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रकरणात 'गोंदिया जिल्हा' येणार कसा, हेही तुम्हीच विचारलेत. त्या जागी 'आजचा गोंदिया जिल्हा' आले. एका तलावाचे क्षेत्र एका प्रकरणात एकरात होते, दुसऱ्यात तोच आकडा हेक्टरात. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, त्यामुळे तलाव अडीचपट मोठा झाला असता. सातबारा काढून आकडा पक्का केला. नवेगावबांध तीन प्रकारे लिहिले गेले होते : जोडून, तोडून, मध्ये रेघ देऊन. तसेच राहिले असते तर स्थळसूचीत एकाच गावाच्या तीन नोंदी झाल्या असत्या. हे तलाव ज्यांनी मोठ्या कौशल्याने बांधले त्या कोहळी समाजाचे नावही शेवटपर्यंत एकाच प्रकारे लिहिले जाईल, याची काळजी तुम्ही घेतलीत. आपल्या समाजाचे नाव पुस्तकात चुकीचे छापलेले पाहणे वाचकाला लागते, हे तुम्हाला सांगावे लागले नाही.

एका कुटुंबाच्या जुन्या भांडणाची गोष्ट होती. तुम्ही भाषा तपासलीत आणि शेजारी लिहिलेत, 'यांच्या नातवाने हे वाचले तर? कागद आहे का?' कागद नव्हता. नाव काढले, गोष्ट ठेवली. गोष्टीचे काही बिघडले नाही.

स्वतः पुस्तक काढणाऱ्या मित्रांसाठी एक व्यवहाराची गोष्ट इथे घालतो, ताई, तुमची हरकत नसावी. संपादन आधी, डीटीपी नंतर. हा क्रम तुम्ही मला पहिल्याच दिवशी बजावलात. पाने लागल्यावर परिच्छेद हलला की पुढची पाने सरकतात, छायाचित्रे आपल्या मजकुरापासून दूर जातात, सूचीतले पृष्ठक्रमांक चुकतात आणि डीटीपीवाल्याचे बिल वाढते. आणि पाने लागल्यावर एकदा पुन्हा कॉपी एडिटरलाच दाखवावीत. आमच्या पहिल्या पेज प्रूफात जोडाक्षरे तुटली होती, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर गेल्या होत्या. पाने लावण्याच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो, हे तुम्ही डीटीपी करणाऱ्या मुलाला फोनवर समजावून सांगितलेत, तेही त्याचा मान राखून. तो आता प्रत्येक मराठी पुस्तकाला तसेच करतो.

पैशांबद्दलही उघड लिहितो, कारण आपल्याकडे हा विषय संकोचाने टाळला जातो. 'जरा नजर फिरवून द्या' असे म्हणून हे काम फुकटात मागण्याची सवय आपल्याला आहे. ओळखीतले मराठीचे प्राध्यापक नजर फिरवतातही, पण ते पुस्तक वाचतात. तुम्ही प्रत्येक ओळ दोनदा वाचलीत, कोश उघडलात, नकाशा उघडलात, टिपा जुळवल्यात. तुमचा दर, तारखा आणि दोन फेऱ्यांत काय काय होणार हे तुम्ही आधीच लिहून दिले होते, त्यामुळे मनात किंतु राहिला नाही. विक्रीतून खर्च भरून निघेल की नाही, हे माझ्यासारख्याला सांगता येत नाही. पण ज्यांनी भरवशाने तोंड उघडले त्या माणसांचे बोलणे धड स्वरूपात छापले गेले, आणि त्यांतले काही जण ते आपल्या हयातीत नातवंडांकडून वाचून घेत आहेत. त्यासाठी दिलेला प्रत्येक रुपया मला योग्य वाटतो.

दुसऱ्या आवृत्तीसाठी वाचकांनी कळवलेली भर एका वहीत नोंदवतो आहे, ती एकत्र करून पाठवीन. आणि ढीवर बायांच्या मासेमारीवरचे काम सुरू झाले आहे. पहिली दोन प्रकरणे दिवाळीनंतर तयार होतील. स्टाइलशीट तीच धरून लिहितो आहे, माशांची नावे तेवढी नव्याने घालावी लागतील. तुमच्या हातात वेळ असेल तर आत्ताच तारीख धरून ठेवा, आगाऊ रक्कम कळवा, म्हणजे लगेच पाठवतो.

आपला नम्र,
तलावांच्या पुस्तकाचा लेखक
साकोली, जि. भंडारा