गुलाबापलीकडच्या सलमा सुलतान

महोदय,
हल्ली निवेदक बातमी देतात की भांडणे लावतात, हेच कळत नाही. अशा वेळी सलमा सुलतान हटकून आठवतात. 1967 ते 1997, तब्बल तीस वर्षे त्या दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका होत्या. कानामागे खोवलेला गुलाब, नेटका पदर... चर्चा मात्र गुलाबाचीच जास्त झाली! 31 ऑक्टोबर 1984 च्या संध्याकाळी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दूरदर्शनवर त्यांनीच वाचली. बीबीसीने ती कितीतरी आधी दिली होती. हा उशीर सरकारी खाक्याचा, त्यांचा नव्हे. त्यांच्या वाचनात ना आरडाओरडा, ना आक्रस्ताळेपणा. पुढे त्या मालिका दिग्दर्शनाकडे वळल्या. दूरदर्शनने त्यांची जपलेली बातमीपत्रे यूट्यूबवर सर्वांसाठी खुली करावीत.

– एक वाचक, सातारा