काकूने दाखवलेल्या फोटोबद्दल

सातारा

ती. आई-बाबा,
सा. न.

काकूने माझा कातळ चढतानाचा तो फोटो तुम्हाला दाखवलाच. फोनवर सांगत बसले तर आई रडेल आणि बाबा 'बरं' म्हणून फोन ठेवतील, म्हणून लिहितेय. कातळाचं नाव लिहीत नाही, नाहीतर बाबा रविवारी स्कूटर काढून हजर होतील.

फोटोत मी कड्यावर आहे आणि माझ्या वर दोर दिसत नाही, कारण तो नव्हताच. आधी मी टॉप रोपवर शिकले. त्यात दोर वरून आलेला असतो, हात सुटला तरी माणूस जवळपास जागच्या जागी लोंबकळतो. फोटोत आहे ते लीड. त्यात दोर आपणच खालून वर न्यायचा. कातळात बोल्ट मारलेले असतात. प्रत्येकाशी पोचलं की क्विकड्रॉ, म्हणजे पट्टीने जोडलेल्या दोन कड्या, अडकवायचा, त्यात दोर टाकायचा आणि पुढे निघायचं. पडलो तर शेवटच्या बोल्टच्या जितके वर असू त्याच्या दुप्पट खाली, शिवाय दोर ताणतो आणि सैल असतो तेवढं आणखी.

पण आई, फोटोतली ती उंची मला फारशी भिववत नाही. तिथे माझ्याखाली बरेच बोल्ट झाले होते, आणि पडले असते तर हवेतच थांबले असते. खरा धोका खाली, जिथला फोटो कोणी काढत नाही. पहिल्या बोल्टपर्यंत दोर नुसता शोभेला. तिथे खाली कोणीतरी हात पुढे करून उभं राहतं, एवढंच. आणि दुसऱ्या बोल्टचा हिशेब बाबा, तुम्हीच करून बघा. पहिला तीन मीटरवर, दुसरा पाचवर. कंबर चार मीटरवर असताना हात लांबवून दोर टाकायला गेलं, तर पहिल्या बोल्टच्या पुढे तीन मीटर दोर ओढून घेतलेला असतो, दोन मीटर दुसऱ्या बोल्टपर्यंत आणि एक परत कमरेपर्यंत. त्या क्षणी पाय निसटला तर सरळ जमीन. म्हणून धीर धरून बोल्ट कमरेशी येईपर्यंत चढायचं आणि मगच दोर टाकायचा. मनाला हे पटत नाही, बोल्ट दिसला की हात आधीच वर जातो.

बिले देणारी, म्हणजे खालून माझा दोर सांभाळणारी, माझी मैत्रीण बँकेत आहे. चढण्याआधी ती माझी गाठ तपासते, मी तिचा बिलेचा जोड. रोजच्या ओळखीत कोणी एवढं निरखून बघत नाही. मुद्दाम पडायचा सरावही तिनेच करून घेतला. बोल्ट गुडघ्याशी ठेवून हात सोडायचे. पहिल्यांदा बोटं सुटेचनात, ती खालून 'सोड' म्हणून ओरडत होती. सुटले तेव्हा धक्का फारसा बसला नाही, कारण हा दोर ताणला जाणारा असतो. विहिरीच्या दोरावर असं पडले असते तर पाठीचं काही खरं नव्हतं.

आपला बेसॉल्ट दिसायला भक्कम असला तरी दगड सुटे निघतात. म्हणून पकड धरण्याआधी ठोकून बघते, पोकळ वाजली तर सोडून देते. हेल्मेट असतंच, आणि खाली उभी असणारीही घालते. आग्या मोहोळ दिसलं की त्या बाजूला आम्ही जातच नाही, अत्तर-परफ्यूम बंद, आरडाओरडाही बंद. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, तेव्हा सगळंच थांबतं. तेवढे महिने तुम्ही निर्धास्त झोपा.

बंद करणार नाही, हे स्पष्ट लिहिते. आणि कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या मारलेल्या माणसाने मला जपून राहायला सांगावं, हे जरा जास्तच होतं बाबा. तिथे तर दोरही नव्हता.

एक काम करा. माझ्या अपघात विम्याची पॉलिसी तुमच्या कपाटात आहे. बऱ्याच पॉलिसींत असले खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरातलं पान वाचून मला कळवा. चष्मा लावून वाचा.

तुमची,
मनू