सूचना : रविवारच्या पोकेमॉन पत्त्यांच्या सामन्यांआधी डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) तपासा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता रामबागेतल्या नेहमीच्या जागी भेटायचं आहे. डेकची यादी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, नंतर बदल चालणार नाही.

डेक बरोबर ६० पत्त्यांचाच हवा. ५९ नाही, ६१ही नाही. बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारे ऊर्जेचे साधे पत्ते) सोडून एका नावाचे जास्तीत जास्त ४ पत्ते. स्लीव्ह (पत्त्यांवरची प्लास्टिकची पाकिटं) सगळे एकसारखे, न दुमडलेले. झेरॉक्स पत्ते सरावाला ठीक, सामन्यात नाही.

आता खरा मुद्दा. बऱ्याच जणांचे डेक मोठ्या हल्लेखोरांनी भरलेले असतात आणि बेसिक पोकेमॉन (थेट खाली उतरवता येणारे, ज्यांच्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही) मोजकेच. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. १२ असतील तर ती १९ टक्क्यांवर येते. बेसिक न आल्यामुळे हात पुन्हा वाटून घ्यावा लागला की समोरच्याला जादा पत्ता उचलता येतो, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच आपण त्याला मदत करतो! ४ प्रती ठेवलेला पत्तासुद्धा पहिल्या हातात साधारण ४० टक्के वेळाच येतो. म्हणून पत्ते शोधून देणारे ट्रेनर (मदतीचे पत्ते) कापून एनर्जी वाढवू नका. माझं मत विचाराल तर तिसरा हल्लेखोर काढा.

पोहे-जिलबी ११ वाजता, टेबलापासून लांब. पाकातले हात धुतल्याशिवाय कुणाच्याही पत्त्यांना लावू नयेत. नवीन मुलांसाठी दोन जादा डेक कोण आणणार, ते इथेच कळवा.