पिवळा दिवा, घोडबंदर रोड आणि गणपती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडच्या कोंडीवर तुमच्याकडे रोज ढिगाने पत्रं येत असणार, त्यात मी भर घालत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, त्या कोंडीत डिझेल गाडीच्या पोटात काय होतं आणि ते गाडी विकणारे आणि सर्व्हिस करणारे आपल्याला सांगत का नाहीत.

आमची गाडी डिझेल, २०२१ची, म्हणजे बीएस सिक्स, धुराच्या नव्या नियमांतली. सासर गुहागरकडचं, गणपतीला आणि शिमग्याला सगळं बिऱ्हाड घेऊन जायचं म्हणून डिझेल घेतली. बाकी वर्षभर ती कासारवडवली ते वागळे इस्टेट एवढीच, मी चालवते, पहिला गियर, दुसरा गियर, ब्रेक, परत पहिला. तर गेल्या जूनमध्ये डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि इंग्रजीत मेसेज आला की धुराच्या वाटेवरचा फिल्टर भरलाय, मॅन्युअल बघा. आता मॅन्युअल कोण बघतं, मी सरळ सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी लॅपटॉप लावला, दिवा घालवला, पैसे घेतले, आणि अकराव्या दिवशी कापूरबावडीच्या सिग्नलला दिवा परत हजर. परत गेले, परत लॅपटॉप, परत पैसे. मग गणपतीला गावी जाऊन आलो तर दिवा आपोआप गायब! सासूबाई म्हणाल्या बाप्पा पावला, मी पण हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तोच दिवा. या वेळी सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले फिल्टर गेला, नवीन टाकावा लागेल, आणि असा आकडा सांगितला की दिवाळीचा बोनस पुरला नसता. मी विचारलं लॅपटॉपवर बिघाडाचा नक्की कोड काय आलाय, तर उत्तर काय, "मॅडम, ते टेक्निकल असतं."

आमच्या ऑफिसच्या मागे एक मेस्त्री आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी लॅपटॉप वगैरे काही काढला नाही, बॉनेट उघडून ऑइलची डिपस्टिक काढली, फडक्याला पुसली, परत बुडवून माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर. म्हणाले वास घ्या ताई. डिझेलचा वास! मग म्हणाले, "गाडी गावाला जाऊन आली की दिवा जातो ना?" मी बघतच राहिले.

त्यांनी सांगितलं ते असं. धूर जातो त्या वाटेवर हा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो, आणि साठलेली काजळी गाडीच अधूनमधून जाळते, पण त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी जादा डिझेल मारून फिल्टर तापवते, आणि पंधरावीस मिनिटं गाडी जरा वेगात पळायला लागते. पातलीपाड्याला दहाच्या स्पीडने रांगणारी गाडी कसली तापतेय. त्यात आपण पोचलो की मधेच बंद करतो, काजळी अर्धवट जळते, आणि ते जादा डिझेल सिलेंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावरही पंखा घूं घूं करत राहायचा, जळका वास यायचा, मला वाटायचं एसीचं काहीतरी असेल. मग त्यांनी स्टिअरिंगखाली छोटा स्कॅनर लावून कोड दाखवला, पी २४६३, म्हणजे काजळी जास्त साठली. फिल्टर नीट काम करत नसला तर पी २००२ सारखा दुसरा कोड येतो. एवढंच तर मी विचारत होते तिकडे!

आधी ऑइल बदललं. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं माजिवड्याहून साकेत, खारेगाव, माणकोली करत वडप्याच्या पुढे गेलो, चौथ्या गियरमध्ये सत्तरच्या आसपास, आमचे हे डोळे लावून बसले होते त्या दिव्यावर. पडघ्याच्या अलीकडे विझला. तिथे चहा घेतला, परत आलो. घरी आल्यावर मॅन्युअल प्लॅस्टिकमधून काढलं, तर त्यात हेच लिहिलेलं, माझी चूक मान्य.

पण म्हणून सगळेच दिवे असे पळवून जात नाहीत हां. लाल ऑइलचा किंवा टेम्परेचरचा दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन बंदच करायची. हा पिवळासुद्धा फार दिवस दुर्लक्ष केलं तर पळवून जात नाही, फिल्टर मशीनवर साफ करावा लागतो. आणि एक शेजारी म्हणाले फिल्टरच काढून टाका, कटकट मिटेल. ते बेकायदेशीर तर आहेच, वर ती काजळी मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर!

माझं म्हणणं एवढंच आहे, शोरूममध्ये रंग कुठला, इन्शुरन्स कुठला, सीट कव्हर हवं का, सगळं विचारलं, रोज किती आणि कुठे चालवणार हे एकानेही विचारलं नाही. ते विचारा, आणि जॉब कार्डवर आलेला कोड लिहून द्या, आम्हाला कळो न कळो. मेसेज मराठीत आला तर सोन्याहून पिवळं.

परवा रात्री सोसायटीच्या गेटशी आले तर तोच जळका वास आला. गाडी आत घेतलीच नाही, तशीच वळवून गायमुखच्या दिशेने निघाले, वॉचमन बिचारा गेट उघडून उभा.

आपली,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे