वसईच्या फादरांना, चित्रं वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय फादर,

स. न. वि. वि.

बायबलमधल्या प्रसंगांवरच्या युरोपीय चित्रांची आमची टिपणं तुम्ही ओळन् ओळ तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण मराठीतून कलेचा इतिहास शिकवणाऱ्या इतरांनाही तुमच्या समासातल्या खुणा कामी येतील.

सगळ्यांत मोलाची ठरली ती कागदावर मारायला लावलेली उभी रेघ. डावीकडे बायबलच्या वचनात काय आहे ते, उजवीकडे चित्रात काय दिसतं ते, आणि चित्राखालची पाटी सगळ्यांत शेवटी. बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं उत्पत्ती २२ घ्या. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून बळी द्यायला मुलावर, इसहाकावर, सुरा उचलतो तेव्हा देवदूत आकाशातून नुसती हाक मारतो, हात धरत नाही. कॅराव्हॅज्योच्या, फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातल्या चित्रात आणि रेम्ब्रांटच्या १६३५ च्या, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या चित्रात मात्र तो थेट मनगटच पकडतो. हाक रंगवणार कशी? रेम्ब्रांट तर सुटलेला सुरा हवेतच ठेवतो आणि इसहाकाचा अख्खा चेहरा बापाच्या पंजाखाली झाकून टाकतो. हे सगळं उजव्या रकान्यात येतं. त्याच्यासमोर डावीकडची जागा कोरी. ‘कोरी जागा दिसली की तिथे चित्रकार सापडतो,’ हे तुमचं वाक्य आता टिपणांच्या पहिल्या पानावर आहे.

प्रत्येक कोरी जागा एकट्या चित्रकाराची नसते, हेही तुम्हीच बजावलंत. पौलाच्या परिवर्तनाच्या चित्रांतला घोडा बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नाही, एदेन बागेतल्या फळाला वचनात सफरचंद म्हटलेलं नाही, आणि बाळ येशूच्या गव्हाणीपाशी उभे असलेले बैल-गाढव यशया १:३ वरून चालत आलेत. तिथे ‘परंपरा’ असं लिहून पुढे जायचं.

मत्तयाच्या पाचारणावरची, म्हणजे येशू त्याला शिष्य व्हायला बोलावतो त्या प्रसंगावरची, तुमची पुरवणी तर आमच्या मूळ टिपणापेक्षा मोठी झाली, आणि ते योग्यच. मत्तय ९:९ हे एवढंसं वचन: येशू जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला पाहतो, ‘माझ्यामागे ये’ म्हणतो, तो उठून जातो. खोली, टेबल, सोबती, प्रकाश यांतलं काहीही दिलेलं नाही. रोममधल्या सान लुइजी देइ फ्रान्चेसी चर्चमध्ये कॅराव्हॅज्योनं १५९९-१६०० मध्ये हे सगळं भरलं. चित्र ज्या चॅपेलमध्ये आहे ते ज्याच्या पैशातून सजलं त्या कार्डिनल कॉन्तारेल्लीचं नाव मात्तेओ, म्हणजे मत्तयच. विषय मत्तयाचाच का, ते इथे कळतं. टेबलाभोवतीचे पाचजण चित्रकाराच्या काळातल्या पोशाखात आहेत, पिसांच्या टोप्या आणि तलवारीसकट. उजवीकडून आलेले येशू आणि त्याचा शिष्य पेत्र जुन्या झग्यांत, अनवाणी. येशूचा लांबवलेला हात मायकेलअँजेलोनं सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आदामाच्या हातासारखा सैल आहे. पेत्राची आकृती नंतर घातल्याचं क्ष-किरण तपासणीत दिसलं. त्यामुळे येशूचं बरंचसं अंग झाकलं जाऊन चेहरा आणि हातच उरतो.

इथे हमखास गोंधळ होतो तो प्रकाशाचा. चित्रात खिडकी आहे म्हणून लोक उजेड तिच्यातून येतोय असं धरतात. ती खिडकी मंद आहे. उजेड वरून, उजव्या बाजूनं येतो. चित्र चॅपेलच्या डाव्या भिंतीवर आहे, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला वेदी आणि तिच्यावरची खरी खिडकी. पुस्तकातला छापील चौकोन बघून हे उमगत नाही, म्हणून टिपणात चित्राच्या जागेचा नकाशा काढायचाच. मोबाइलवर उजळ केलेली प्रत तर वापरूच नये: सावली गेली की अर्धं पाचारण गेलं.

मत्तय नेमका कोण, यावर तुम्ही निकाल दिला नाहीत, तेही बरं केलंत. दाढीवाल्याचं बोट स्वतःकडे आहे की टोकाला मान खाली घालून पैसे मोजणाऱ्या पोराकडे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चॅपेलमधल्या उरलेल्या दोन्ही चित्रांत मत्तय दाढीवाला आहे, म्हणून आमचा कौल दाढीवाल्याला.

पाटी शेवटी का वाचायची, ते व्हेरोनेझेच्या भल्यामोठ्या मेजवानीच्या चित्रानं पटतं. १५७३ मध्ये त्यानं व्हेनिसमधल्या मठासाठी येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन रंगवलं. त्यात विदूषक, शस्त्रधारी जर्मन, नाकातून रक्त येणारा नोकर कशासाठी, असं चर्चच्या धर्मन्यायालयानं त्याला विचारलं आणि स्वखर्चानं दुरुस्तीचा हुकूम दिला. त्यानं चित्र जवळपास तसंच ठेवून शीर्षकच बदललं: लेवीच्या घरची मेजवानी, सोबत लूकच्या पाचव्या अध्यायाचा हवाला. लेवी म्हणजे आपला मत्तयच!

आणि ती अडचण, जिच्यात बरेच मराठी विद्यार्थी अडकतात. बाजारात सहज मिळणाऱ्या प्रॉटेस्टंट मराठी बायबलमध्ये ज्युडिथ आणि तोबीत ही पुस्तकं सापडतच नाहीत, दानीएलच्या पुस्तकाचे अध्याय बारावर संपतात, आणि चित्रकारांची लाडकी सुसान्नाची कथा असते तेराव्यात. कॅथलिक परंपरेची प्रत घ्या, हा तुमचा एका ओळीचा शेरा. त्याखालीच ज्युडिथ (शत्रूच्या सेनापतीचं शिर कापणारी) आणि सलोमी (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागणारी) ओळखायची खूण: तबकात शिर असेल तर बहुधा सलोमी, हातात तलवार आणि दासीकडे पिशवी असेल तर ज्युडिथ. तबक आणि तलवार दोन्ही दिसली तर तलवारीवर विश्वास ठेवायचा, कारण योहानाचं शिर सलोमीनं स्वतः कापलं नव्हतं.

दुरुस्त प्रत लवकरच पाठवतो. तोबीताच्या चित्रांमधल्या कुत्र्याबद्दल, म्हणजे तो मूळ कथेत किती आणि चित्रांत किती, यावर तुमचा शेरा बाकी आहे; सवडीनं कळवावा.

आपले,
चित्रवाचन वर्गातले सगळे