सिडनीच्या ढालीखालचं लॅटिन

प्रिय दिल्या,

ऋताला सिडनी युनिव्हर्सिटीची ऑफर आली हे वाचून जाम आनंद झाला रे, वहिनींनापण अभिनंदन सांग. आणि तू म्हणजे कमाल आहेस, मी तिच्यासाठी तिथल्या जुन्या इमारतीचे फोटो पाठवले तर तू झूम करून युनिव्हर्सिटीच्या चिन्हातल्या ढालीखालची, लॅटिन ब्रीदवाक्याची पट्टी वाचत बसलास आणि वर अर्थ विचारलास. व्हॉट्सॅपवर दोन ओळीत सांगून मोकळा होणार होतो पण मग वाटलं नको, यात बरंच काय काय दडलंय, चहा घेऊन बस.

'सिदेरे मेन्स एआदेम मुतातो'. शेवटच्या शब्दाला हसून झालं असेल तर पुढे जाऊ. (मीपण हसलो होतो, बायकोने डोळे वटारले.) अर्थ साधारण असा की नक्षत्र बदललं तरी मन तेच. दहावीला संस्कृतात सति सप्तमी घोकली होती ना, हे तसलंच प्रकरण, 'नक्षत्रे परिवर्तिते' टाइप, आणि मेन्स म्हणजे आपल्या मनाचाच लांबचा भाऊ. मला त्यातली रचना फार आवडते. नक्षत्र एका टोकाला, बदललेलं दुसऱ्या टोकाला आणि 'मन तेच' मधोमध, म्हणजे आकाश दोन्हीकडून फिरलं तरी मन आपल्या जागी बसलेलं. याचं श्रेय मेरेवेदर नावाच्या, युनिव्हर्सिटीच्या सेनेटवरच्या (म्हणजे कारभारी मंडळावरच्या) गृहस्थाला देतात, बाकी माणूस कसाही असो, लॅटिन पक्कं होतं त्याचं.

आता हे लिहावंसं का वाटलं ते बघ. युनिव्हर्सिटीचा कायदा 1850 चा, वर्ग सुरू झाले 1852 ला आणि विद्यार्थी किती, तर 24! इंग्लंडहून यायचं म्हणजे बोटीने काही महिने, वर आकाशसुद्धा ओळखीचं नाही. मग 1857 ला, म्हणजे आपलं मुंबई विद्यापीठ निघालं त्याच वर्षी, ढाल मंजूर करून घेतली, त्यात केंब्रिजचा सिंह, ऑक्सफर्डचं पुस्तक आणि दक्षिणेकडचे चार तारे. ग्रेट हॉलमध्ये जाशील तर एका टोकाला ऑक्सफर्डची रंगीत काचांची खिडकी, दुसऱ्या टोकाला केंब्रिजची. अरे किती ती आठवण काढायची! सगळा जीव हे सांगण्यात की आम्ही इतक्या लांब आलो पण आम्ही तेच हां, बदललो नाही.

आणि खरी मजा पुढे आहे. ही कल्पना उचललीय होरेसकडून, रोमचा कवी, इसवी सनाच्या आधीचा. त्याचं मूळ वाक्य आहे एका पत्रात, आणि तेही मित्राला, जो तिकडे आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या बाजूला फिरत होता. होरेस त्याला म्हणतो समुद्रापार धावणारे आकाश बदलतात, मन नाही. म्हणजे हे कौतुक नाहीये, चिमटा आहे! बाबा रे कुठेही गेलास तरी पळसाला पाने तीनच, तुझी अस्वस्थता तुझ्यासोबतच बोटीत बसलीय, ज्याच्या शोधात वणवण करतोस ते इथल्या फालतू गावातपण मिळेल, डोकं ठिकाणावर पाहिजे फक्त. तो चिमटा घेऊन यांनी छातीवर बिल्ला म्हणून लावला. होरेसचं नशीबच तसं, मेलबर्नवाल्यांनीही ब्रीद त्याच्याच कवितेतून घेतलं आणि आपल्याकडे मद्रास विद्यापीठानेसुद्धा, 'दोक्त्रिना विम प्रोमोवेत इन्सितम', शिकल्याने अंगातलंच बळ वाढतं. ते मला जास्त पटतं खरं सांगायचं तर. पुणे विद्यापीठाचं 'यः क्रियावान् स पण्डितः' तर त्याहून, पण ते पडलं आपलं, पक्षपात होणारच.

मला सिडनीचं ब्रीद खोटं वाटतं, आणि खोटं ठरलं तेच बरं झालं. ऑक्सफर्ड केंब्रिजला तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पंथाबाहेरच्यांना धर्माच्या अटी होत्या, त्या नीट सुटल्या 1871 ला, पण सिडनीच्या कायद्यात सुरुवातीपासूनच धर्म विचारायचा नाही असं ठरलं. मुलींना 1881 ला दार उघडलं, ऑक्सफर्डने मुलींना पदव्या दिल्या 1920 ला आणि केंब्रिजने थेट 1948 ला. मग मन तेच कुठे राहिलं सांग? जिथे जिथे अभिमान वाटावा असं केलं तिथे तिथे मन बदललं म्हणूनच केलं.

आणि नक्षत्र बदललं म्हणजे कोणाचं बदललं, हापण प्रश्न आहेच. युनिव्हर्सिटी उभी आहे ती गाडिगल या इथल्या आदिवासी लोकांच्या जमिनीवर, त्यांच्यासाठी आकाश हजारो वर्षं तेच होतं, बदलले ते खाली उतरलेले लोक. इथले आदिवासी ताऱ्यांमध्येच नाही तर आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यातही आकार बघतात, त्यात एक भला मोठा इमू पक्षी आहे, आणि सिडनीच्या उत्तरेला कु-रिंग-गाई चेस नॅशनल पार्कात खडकावर कोरलेला इमू मी पाहिलाय, पुढच्या वेळी आलास की नेतो. आणि या युनिव्हर्सिटीतून पहिला आदिवासी पुरुष पदवीधर झाला, चार्ल्स पर्किन्स, तो कधी तर 1966 ला!

आपल्यासारख्यांना मात्र ते ब्रीद पहिल्या वर्षी शब्दशः लागू पडतं. इथे ध्रुव कधीच दिसत नाही, सप्तर्षी जवळपास गायब, मृग नक्षत्र उलटं टांगलेलं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिणेला खाली कुठेतरी दिसणारा त्रिशंकू इथे डोक्यावर मिरवतो. त्यावरचे विनोद मी करून करून कंटाळलोय, तू नको करूस.

आता व्यवहाराचं. ऋताच्या ऑफर लेटरवर तुला ही ओळ दिसणार नाही, 2010 ला लोगो सुटसुटीत केला तेव्हा ती पट्टी काढून टाकली, पूर्ण चिन्ह आता समारंभ आणि पदवीच्या कागदापुरतं. म्हणजे पोरगी सगळं शिकून झाल्यावर तिला सांगणार की तू तीच आहेस! तू लिहिलंयस ना की तिकडे जाऊन बदलू नये एवढंच वाटतं, वहिनींचंही तेच म्हणणं असणार, पण दिल्या, एवढी फी भरून बदलायलाच तर पाठवतोयस तिला. थोडी भांडेल तुझ्याशी, भांडू दे.

पहिले काही दिवस आमच्याकडेच उतरेल ती, यावर चर्चा नको. तिकीट झालं की तारीख कळव. आणि वहिनींनी गोडा मसाला दिलाच तर पाकीटबंद द्या आणि तिला एअरपोर्टवर फॉर्ममध्ये डिक्लेअर करायला सांग, इथले लोक खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत.

तुझा,
बाळ्या