‘हाउएव्हर’ खोडल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

इंग्रजी अध्यापनाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षी मी लिहिलेला निबंध तुम्ही परत दिलात, तेव्हा त्यातला प्रत्येक ‘हाउएव्हर’, ‘मोरओव्हर’ आणि ‘देअरफोर’ पेन्सिलीने खोडलेला होता आणि खाली ‘आता वाचून पाहा’ एवढेच लिहिले होते. व्याकरणाची चूक एकही नव्हती, याचा मला अभिमान होता. पण जोडशब्द जाताच माझी वाक्ये एकमेकांना अनोळखी झाली. चुका लगेच दुरुस्त कराव्यात, प्रेरणा महत्त्वाची असते, म्हणून पाठ्यपुस्तक बदलावे, असा तो परिच्छेद होता आणि त्या ‘म्हणून’मागे कारणच नव्हते.

हॅलिडे आणि हसन या भाषाभ्यासकांनी १९७६ साली मांडलेले संसक्तीचे, म्हणजे वाक्ये एकमेकांना जोडणाऱ्या भाषिक दुव्यांचे, पाच प्रकार मला परीक्षेपुरते पाठ होते. मात्र वाक्ये जोडणाऱ्या खुणा भरपूर असूनही विचार विसंगत राहू शकतो, हे मला कळले ते तुमच्या टेबलासमोर, माझ्याच लेखनावरून. वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या एकट्या ‘धिस’वर बोट ठेवून तुम्ही ‘धिस म्हणजे काय?’ असे विचारलेत आणि मला चार वेगवेगळी उत्तरे सुचली. त्यापुढे नाम लिहायचे, म्हणजे आधीच्या वाक्यातली नेमकी कोणती गोष्ट पुढे न्यायची ते ठरवायचे, हे मी त्या दिवशी शिकले. पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेने मी एकाच संकल्पनेला कधी ‘फीडबॅक’, कधी ‘करेक्शन’, कधी ‘रिस्पॉन्स’ म्हटले होते (शाळेत याच हौसेचे कौतुक झाले होते), आणि वाचकाला त्या तीन निरनिराळ्या गोष्टी वाटणार, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

समासात प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका ओळीत लिहून केवळ त्या ओळी सलग वाचण्याची तुम्ही लावलेली सवय अजून टिकून आहे. ओळ लिहिता आली नाही, तर परिच्छेदात दोन मुद्दे असतात किंवा एकही नसतो; माझ्या बाबतीत बहुधा दुसरेच. याआधी माझ्या निबंधांवर ‘ओघ नाही’ असा शेरा अनेकदा मिळाला होता, पण ओघ कुठे आणि कशाने तुटतो, हे दाखवायला एक तास माझ्याजवळ बसलात त्या तुम्हीच. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

गेल्या आठवड्यात सराव पाठाच्या वह्या तपासताना एका निबंधाखाली मीही ‘ओघ नाही’ असे लिहून गेले. मग ते खोडले, एका ‘धिस’भोवती गोल केला आणि तुमचाच प्रश्न विचारला.

आपली विद्यार्थिनी